वाडीत वॉकीटॉकीचं जाळं कुणी उभं केलंय का? (पावसाळ्याआधी सल्ला हवाय)

पेठमापचा_बंड्या — गुरु, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, तीन वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी चिपळूणचा, पेठमाप भागातला. २२ जुलै २०२१ ला आमच्या पहिल्या मजल्यावर आम्ही सहा आणि शेजारचे नऊ अशी पंधरा माणसं होतो. पहाटे पाणी जिन्यात शिरलं तेव्हा मी टॉर्च मारून पायऱ्या मोजत बसलो होतो, अकरावी बुडाली, बारावी बुडाली, करत करत सतराव्या पायरीला थांबलं. आमच्या जिन्याला एकोणीस आहेत. वीज रात्रीच गेलेली आणि सकाळपर्यंत मोबाइलची रेंजही गेली. बहीण खेर्डीला असते, म्हणजे सरळ रेषेत तीन-चार किलोमीटर. ती धड आहे हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही तिचा दीर चिखल तुडवत चालत आला म्हणून. आई त्याला बघून आधी रडली आणि मग विचारलं, जेवलास का.

तेव्हापासून दर वर्षी मनात येतं आणि राहतं. यंदा चौदा घरं तयार झालीयत, घरटी दोन हजारापर्यंत काढायला. फोन बंद पडला तरी एकमेकांना "आहोत, ठीक आहोत, अमुक पाहिजे" एवढं सांगता आलं पाहिजे, बाकी काही नको. कुठले संच घ्यावेत, लायसन लागतं का, रेंज किती मिळते, आणि मुख्य म्हणजे ते चालवायचं कसं हे कुणी अनुभवातून सांगेल का?

अवांतर: तांदूळ, दोरी, क्लोरीनच्या गोळ्या, मेणबत्त्या असं सगळं एका पिंपात भरून माळ्यावर ठेवतो म्हणून बायको मला प्रलयवाले म्हणते. अमेरिकेत असल्या लोकांना प्रेपर म्हणतात असं भाचा सांगत होता. आमची आजी ह्यालाच आगोटीची बेगमी म्हणायची आणि तिला कुणी हसत नव्हतं.

झेंडूबाम — गुरु, रात्री १०:५१

पिंपात सोडे आणि सुकट नाही? मग कसली आगोट. बाकी चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तारवाला_काका — गुरु, रात्री ११:३०

बंड्याभाऊ, चांगला विषय काढलात. मी हॅम आहे, म्हणजे परवाना असलेला हौशी रेडिओवाला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आपले हॅम लोक तिकडे जाऊन संपर्काचं काम करत होते, ते ऐकून मी पुढच्या वर्षी परीक्षेला बसलो. तेव्हापासून घरात तारा पसरल्यायत आणि आमच्या हिच्या मते त्यातली एकही कामाची नाही.

आधी रेंजचं बोलतो कारण सगळे तिथेच फसतात. खोक्यावर लिहिलेलं असतं "१० किलोमीटर", ते समुद्रावर किंवा एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर. हातातल्या संचाच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. माणूस सपाटीवर उभा असेल तर चार-साडेचार किलोमीटरवर क्षितिज संपतं, त्यात काँक्रीटची घरं आणि झाडं धरली तर बाजारपेठेत तळमजल्यावरून तुम्हाला किलोमीटरही मिळायचा नाही. तोच माणूस चारशे मीटर उंच डोंगरावर गेला की ऐंशी किलोमीटरवरचं गाव त्याच्या टप्प्यात येतं. तेव्हा वॉट वाढवायच्या मागे लागू नका, गच्ची शोधा. तुमच्याकडे एका अंगाला परशुरामचा डोंगर आहे आणि दुसरीकडे गोवळकोटचा किल्ला, देवाने फुकटात टॉवर दिलेत.

नियमावली — शुक्र, सकाळी ८:१२

काकांनी लायसनचं टाळलं म्हणून लिहितो. धागाकर्त्याने नीट वाचावं.

१) ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळणारे ते चिनी पाच वॉटचे संच, ज्यात वाट्टेल तो आकडा (म्हणजे फ्रिक्वेन्सी) टाकून बोलता येतं, ते परवान्याशिवाय वापरणं तर सोडाच, बाळगणं हाही गुन्हा आहे. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असले संच विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांना नोटिसा पाठवल्या होत्या.
२) परवाना नको असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा २०१८ पासून मोकळा आहे. पण ताकद अर्धा वॉट, अँटेना संचालाच जोडलेली, आणि संच मान्यताप्राप्त हवा.
३) सॅटेलाइट फोन कुणी परदेशातून आणून देतो म्हणाला तर हात जोडा. विमानतळावर बॅगेत सापडला म्हणून परदेशी पाहुणे अडकलेत.

जुगाड_मास्तर — शुक्र, सकाळी ९:०५

धन्य आहे. पाणी सतराव्या पायरीला आलंय आणि हे साहेब विचारणार परवाना दाखवा. अहो जीव वाचवायचा असेल तेव्हा पाच वॉट काय आणि पन्नास वॉट काय, कोण येतंय बघायला? बंड्या, घे दहा चिनी संच, टाक एक नंबर सगळ्यात सारखा, हाकानाका.

नियमावली — शुक्र, सकाळी ९:२०

आणि तो "एक नंबर" पोलिसांचा किंवा बचाव पथकाचा निघाला म्हणजे?

जुगाड_मास्तर — शुक्र, सकाळी ९:२२

म्हणजे बरंच, लगेच ऐकतील की.

तारवाला_काका — शुक्र, सकाळी १०:४०

मास्तर, हसू आलं खरं पण हे असं होतं. एका संचाचं बटण बसल्या जागी दाबलं गेलं, म्हणजे कुणी त्याच्यावर बसलं हो अक्षरशः, तर त्या वाहिनीवर दुसरं कुणीच बोलू शकत नाही. आमच्या सरावात एकदा पंधरा मिनिटं आम्ही सगळ्यांनी एका सद्गृहस्थाच्या स्कूटरचा आवाज आणि त्यांनी म्हटलेलं नाट्यगीत ऐकलं. सराव होता म्हणून ठीक. तेच बचाव पथकाच्या वाहिनीवर झालं तर दोरीला लटकलेला माणूस काय करेल?

आणि दुसरं, बेकायदा संच माणूस लपवून ठेवतो. लपवलेल्या वस्तूचा सराव होत नाही. वर्षभर कपाटात राहतो, आणि ऐन पुरात काढला की बॅटरी गेलेली आणि बटणं कुठली दाबायची ते आठवत नाही.

हॅमची परीक्षा एवढी अवघड नाही. बारा वर्षांवरच्या कुणालाही देता येते. दोन श्रेण्या आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल, पहिलीला मोर्स (टिंब-रेघांची तारेची भाषा) लागत नाही. थोडी वीज-रेडिओची माहिती आणि नियम. परवान्याचे वीस वर्षांचे हजार रुपये, तहहयात घेतलात तर दोन हजार. हातात पडायला मात्र महिने लागतात, पोलीस चौकशी वगैरे, त्यामुळे ह्या पावसाळ्यात विसरा. यंदा बिनपरवान्याच्या अर्ध्या वॉटवर सुरुवात करा आणि चौदा घरांतून दोघा-तिघांना, शक्यतो पोरासोरांना, परीक्षेला बसवा.

कृष्णाकाठ — शुक्र, दुपारी १:१५

आमची तऱ्हा उलटी भावा. २०१९ च्या पुरात सांगलीत आमच्या गल्लीत फोन बराच वेळ चालू होते, पण चार्जिंग कुठंय? आणि जेवढं चार्जिंग होतं तेवढं व्हॉट्सॅपनं खाल्लं. तुला सांगतो, रात्री अकराला कुणीतरी लका मेसेज सोडला की धरण फुटलं. अख्खी गल्ली पोरंबाळं, म्हाताऱ्या घेऊन गच्चीवर, पावसात. काही फुटलं नव्हतं. माझ्या वडलांना त्यात न्यूमोनिया झाला.

तर माझा प्रश्न असा की रेडिओवर ही अफवा आली तर? तिथं तर ब्लू टिकसुद्धा नाही. कोण बोललं हेच कळणार नाही.

भटकभवानी — शुक्र, दुपारी ३:३३

अर्ध्या वॉटचे संच आम्ही ट्रेकला वापरतो म्हणून अनुभव. पुढचा आणि मागचा माणूस, मधे तीस-पस्तीस टाळकी, जंगलातून सातशे-आठशे मीटरपर्यंत ठीक. कड्यावरून खाली पायथ्याच्या गावाशी बोलताना पाच-सहा किलोमीटर अगदी शेजारी बसल्यासारखं, आणि मधे डोंगराची एक सोंड आली की शंभर मीटरवर ठार बहिरं.

ठेचा लागून शिकलेल्या गोष्टी: बटण दाबलं की मनात एक म्हणायचं आणि मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द खाल्ला जातो आणि नेमका तो "नको" असतो. आमच्यात "नको येऊ" चं "येऊ" झालं आणि मागचे सगळे चुकीच्या घळीत उतरले, पुढचे तीन तास काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसरं म्हणजे लिथियमची बॅटरी संचात ठेवून वर्षभर विसरलात तर फुगते. सेलवर चालणारा संच मिळाला तर तो घ्या, सेल वाण्याकडेही मिळतात.

आणि नावं घोटून घ्या. इंग्रजीवाले अल्फा ब्राव्हो करतात, आम्ही क कमळातला, ग गणपतीतला, झ झबल्यातला करतो. पावसात "ब" आणि "प" आणि "म" सगळे सारखेच ऐकू येतात.

झेंडूबाम — शुक्र, दुपारी ३:४०

"ळ बाळातला" मोठ्याने ओरडणारा माणूस डोळ्यापुढे आला. ण बाणातला. ज्ञ ज्ञानेश्वरांचा. पूर ओसरेल तोवर पत्ता सांगून होईल.

पेठमापचा_बंड्या — शुक्र, संध्याकाळी ७:०२

वा, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. जुगाड मास्तर, मोह झाला होता खरा, पण बाबा सरकारी नोकरीत होते, बेकायदा वस्तू घरात म्हटली तर आधी मलाच पुरात सोडतील.

काका, गोवळकोटावर चढून बसणार कोण हा प्रश्न आहे, पूर आला की किल्ल्याकडे जायचा रस्ताच कुठे राहतो. परशुरामला जायला तर नदी ओलांडायची.

तारवाला_काका — शुक्र, रात्री ९:१५

बरोबर, म्हणून चढायचं नाहीच. ज्याचं घर आधीच उंचावर आहे तो तुमचा टॉवर. चौदांपैकी किंवा चौदांबाहेरचा एखादा मित्र डोंगराच्या अंगाला राहत असेल तर संच त्याच्याकडे द्या. खेर्डीचं त्याला ऐकू येईल आणि पेठमापचंही, तुम्हा दोघांना एकमेकांचं आलं नाही तरी चालेल. तो नुसता निरोप्या, जसंच्या तसं पुढे सांगायचं, स्वतःची अक्कल घालायची नाही.

कृष्णाकाठ यांच्या अफवेच्या प्रश्नाला: रेडिओवर जाळं चालतं तेव्हा एकच जण ते चालवतो, त्याला आम्ही नेट कंट्रोल म्हणतो. तो हाक मारेल त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. त्याच्यापुढे वही असते, वेळ, कुणी सांगितलं, काय सांगितलं. "धरण फुटलं" आलं की तो विचारणार, तू डोळ्यांनी पाहिलंस का, नाही तर कुणाकडून ऐकलंस. आणि उत्तर वहीत. निम्म्या अफवा ह्या एका प्रश्नावर मरतात, कारण सगळी गल्ली ऐकत असते.

डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद ह्या हॅम बाई योगायोगाने हौशी रेडिओच्याच मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होत्या, बरोबर संच होते. बेटांचा संपर्क तुटलेला असताना तिथून लोकांची खुशाली मुख्य भूमीवर पोचवायचं काम त्यांनी आणि साथीदारांनी केलं. त्यात मोठी यंत्रं वगैरे काही नाही, नाव, ठिकाण, ठीक आहे. पुढचं नाव.

हर्णैचा_दर्यावर्दी — शनि, पहाटे ५:२०

आमच्या होड्यांवर व्हीएचएफ रेडिओ असतो. सोळा नंबर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. त्याच्यावर गप्पा मारायच्या नाहीत, हाक मारायची, समोरच्याने ओ दिली की दोघांनी दुसऱ्या नंबरावर जायचं. सोळा कायम मोकळा. हे आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवलं नाय, लहानपणी बापाची शिवी खाऊन कळलं.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या दापोली-मंडणगड भागात लाईट काही गावांत महिनाभर नव्हती. टॉवर उभा दिसायचा पण मेलेला. बॅटरी काही तास, मग डिझेल पाहिजे, रस्त्यात झाडं आडवी तर डिझेल येणार कुठून. लोकं टॉवरकडे बघून शिव्या द्यायची.

तुम्ही जमिनीवरच्या माणसांनी आमचे संच वापरू नका, तो नंबर दर्यासाठी आहे. पण रीत घ्या. ऐकायची रीत. संच घेतला म्हणजे बोलायलाच पाहिजे असं नाय.

शार्लटकर — शनि, सकाळी ६:४८

इकडे उत्तर कॅरोलायनात आहे, म्हणून प्रेपर मंडळींबद्दल दोन शब्द. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने आमच्या राज्याचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग धुऊन नेला, ॲशव्हिलच्या बाजूला फोन, इंटरनेट, रस्ते सगळं गेलं. तेव्हा माउंट मिचेलवरचा हॅम लोकांचा रिपीटर (ऐकलेलं जोराने पुन्हा पुढे पाठवणारं यंत्र) चालू राहिला आणि कित्येक दिवस त्या एका वाहिनीवर लोक विचारत होते, अमुक रस्त्यावरच्या आजोबांना ऑक्सिजन पोचला का. मी इथून नुसतं ऐकत होतो आणि हातातला चहा गार झाला होता.

त्यानंतर माझ्या ऑफिसातले अर्धे लोक रेडिओवाले झालेत. इथे जीएमआरएस म्हणून घरगुती रेडिओचा प्रकार आहे, परीक्षा नाही, ३५ डॉलर भरले की अख्ख्या कुटुंबाला दहा वर्षं. माझा शेजारी पक्का प्रेपर, तळघरात दोन वर्षांचा राजमा, पण त्याचे चारही रेडिओ अजून खोक्यात सीलबंद आहेत आणि बायकोला त्यांचा पत्ता नाही. म्हणजे बोलणार कुणाशी, राजम्याशी?

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे, तीन-तीन-तीन. दर तीन तासांनी, तीन नंबरच्या चॅनलवर, तीन मिनिटं. बारा, तीन, सहा, नऊ. बाकी वेळ संच बंद. बॅटरी दिवसभराऐवजी आठवडाभर पुरते आणि समोरचा ऐकत असेल की नाही ही धाकधूक राहत नाही. चॅनल विसरायचा प्रश्नच नाही.

झेंडूबाम — शनि, सकाळी ७:१०

तीन तिगाडा काम बिगाडा असं आमच्यात म्हणतात. चार-चार-चार करा.

लोराताई — शनि, सकाळी ११:२५

कुणीच मेश्टास्टिकचं नाव काढलं नाही म्हणून आश्चर्य वाटलं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी इलेक्ट्रॉनिक पाटी असते, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्ट्यावर चालते, लायसन नको. फोनला ब्लूटूथने जोडायची आणि टाइप करायचं, मेसेज एका पाटीवरून दुसरीवर उड्या मारत जातो. एक पाटी उंचावर सोलर लावून ठेवली की ती बिचारी एकटी काम करत राहते. तुमच्या खेर्डीच्या प्रश्नाला हे मस्त उत्तर आहे, माणूस बसवायलाच नको. पाटी तीन-चार हजाराला पडते. लिहिलेलं राहतं त्यामुळे "नको" चं "येऊ" होत नाही. काही मदत लागली तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी फुकट प्रोग्रॅम करून देईन.

मीनाक्षी_महाड — शनि, दुपारी २:५०

सगळं वाचलं. माहिती छान आहे, पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते, राग मानू नका.

तुमच्या पुराच्या दिवशीच, २२ जुलैला, आमच्या तालुक्यात तळियेला दरड आली, ऐंशीच्या वर माणसं गेली. आम्ही महाडात छातीभर पाण्यात. तिथे काय झालंय ते आम्हाला माहीतही नव्हतं आणि मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. तेव्हापासून आमच्याकडेही दोन वर्षं असेच संच घेतले होते हौसेने, आमच्या ह्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी. सगळे संच पुरुषांकडे. पुरुष दिवसा कुठे? एक पुण्याला, दोघे एमआयडीसीत, एक दुकानात. २०२३ ला एका दुपारी नदी चढायला लागली, घरात मी, सासूबाई आणि धाकटा. संच कपाटात, कपाटाला कुलूप, कारण "मुलं खेळतात". किल्ली ह्यांच्या पाकिटात. पाणी दारापर्यंत येऊन गेलं म्हणून निभावलं.

तेव्हा चौदा घरांचे चौदा संच घ्याल तर घरात जे माणूस दिवसभर असतं त्याला आधी शिकवा. आणि ताई, तुमची पाटी चांगली असेलही पण माझ्या सासूबाई टाइप करणार नाहीत. त्या बोलतात. खूप बोलतात.

आणि दुसरं. समजा संचावरून कळलं की अमक्या घरात डायलिसिसवाले काका आहेत, त्यांना हलवायला पाहिजे. पुढे काय? होडी कुणाकडे आहे? तुमच्या जाळ्याचं एक टोक तरी होडीवाल्याकडे किंवा तहसीलच्या नियंत्रण कक्षाकडे जायला नको का? नाहीतर चौदा घरं एकमेकांना सांगत बसतील की काका आजारी आहेत.

भटकभवानी — शनि, दुपारी ३:०१

+१०००. किल्लीचं वाचून अंगावर काटा आला.

तारवाला_काका — शनि, संध्याकाळी ५:४५

मीनाक्षीताई, कान धरले. बत्तीस वर्षांत आमच्या क्लबात आलेल्या बायका एका हातावर मोजता येतील आणि त्यात चूक आमचीच.

शेवटच्या टोकाचं अगदी खरं. बंड्याभाऊ, पावसाआधी एकदा नगरपरिषदेत आणि तहसीलच्या आपत्ती कक्षात जाऊन सांगा की आमच्या वाडीत असं जाळं आहे, ह्या घरांमध्ये इतकी म्हातारी माणसं, इतकी तान्ही मुलं, हा कागद. जिल्ह्याचा १०७७ नंबर फोन चालू असेतोवर. आपदा मित्र म्हणून सरकारने प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक असतात, तुमच्या भागातला कोण ते विचारून एक संच सरळ त्याच्या हातात द्या.

निरोपाचा साचा ठरवा: कोण, कुठे, किती जण, काय पाहिजे, किती वेळात. "लवकर या" हा निरोप नव्हे.

आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना खुशाली कळवायची तर ते अर्ध्या वॉटचं काम नाही. त्याला परवानेवाला हॅम आणि चाळीस मीटरचा बँड (म्हणजे साधारण तेवढ्या लांबीच्या लहरींचा पट्टा) लागतो. वीस मीटर तार, मुद्दाम बुटकी, तीन-चार मीटरवर बांधायची, म्हणजे लहर सरळ वर जाऊन आकाशातून आपटून आजूबाजूच्या दोन-तीनशे किलोमीटरवर पसरते. डोंगर मधे आला तरी फरक पडत नाही, ती डोक्यावरूनच येते. बारा व्होल्टची बॅटरी आणि एक सोलर पत्रा एवढ्यावर चालतं. पोरं पास झाली की कळवा, मी स्वतः येऊन तार बांधून देतो.

जुगाड_मास्तर — शनि, संध्याकाळी ६:०३

काका ती वीस मीटर तार माझ्याकडे आली तर आमची ही त्यावर चादरी वाळत घालेल.

तारवाला_काका — शनि, संध्याकाळी ६:१०

आमच्याकडे गोधड्या असतात. ओल्या गोधडीने सिग्नल पडतो, मोजून पाहिलंय.

नियमावली — शनि, रात्री ८:३०

विजा कडाडायला लागल्या की ती तार संचापासून काढून घराबाहेर टाकायची, हेही लिहा. आणि हॅमवर गुप्त सांकेतिक भाषेत बोलता येत नाही, धंद्याचं बोलता येत नाही. (मास्तर, हे तुमच्यासाठी.)

कृष्णाकाठ — रवि, सकाळी ९:००

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या गल्लीतपण दाखवतो हा धागा. पण म्होरक्या कोण, ह्यावरच पहिली मारामारी होणार बघ.

पेठमापचा_बंड्या — सोम (पंधरा दिवसांनी), रात्री ९:५५

मंडळी, धागा वर काढतोय. काल चाचणी घेतली, अहवाल देतो.

अर्ध्या वॉटचे, सेलवर चालणारे सहा संच घेतले, चौदा नाही. दोन-तीन घरांत मिळून एक. बाकीच्या पैशांतून चार्जिंगचे सेल, एक छोटा सोलर आणि प्रत्येक संचाला प्लास्टिकची जाड पिशवी. मीनाक्षीताई, संच कुलपात नाही, दाराच्या मागे खिळ्याला, छत्रीशेजारी.

सकाळी नऊला पहिली फेरी तळमजल्यावरून: मी आणि माझ्यापासून तिसऱ्या गल्लीतला जोशांचा पक्या. नुसती खरखर. तो म्हणाला संच भिकार आहेत, परत करू. मग दोघेही गच्चीवर गेलो आणि त्याच्या मागे कावळा ओरडत होता तोसुद्धा ऐकू आला. बाराला खेंडमधल्या एकाशी गच्चीवरून गच्चीवर बोलणं झालं. खेर्डी मात्र नाही म्हणजे नाही. तीन वाजता डोंगराच्या अंगाला राहणाऱ्या मित्राला मधे घेतला, त्याला दोघांचंही स्वच्छ. फक्त तो जसंच्या तसं सांगत नाही, स्वतःचं मीठमसाला घालतो. बहिणीने सांगितलं "पाणी नाही", म्हणजे पुराचं पाणी नाही, ह्याने मला सांगितलं त्यांच्याकडे प्यायला पाणी नाही, मी दहा मिनिटं टँकर कसा पाठवायचा ह्याचा विचार करत होतो. आता ठरलंय, "पूर" आणि "पिण्याचं" असे दोन शब्द, नुसतं पाणी म्हणायचं नाही.

लोराताई, व्यनि केलाय, त्या मधल्या घरावर तुमची एक पाटी लावून बघायची आहे.

नेट कंट्रोलवरून मारामारी झालीच. तीन पुरुष उभे होते. शेवटी आमच्या आईला बसवलं, वय एकाहत्तर. तिने चाळीस वर्षं भिशी चालवलीय, कोण कधी बोलला, कुणाचे किती बाकी, सगळं तोंडपाठ आणि वहीतही. पक्या मधेच बोलायला लागला तर म्हणाली, "प्रकाश, तुझा नंबर आला की सांगेन." त्यानंतर वाहिनीवर एवढी शांतता की मला वाटलं सेल संपले.

तहसीलला जाऊन कागद देऊन आलो. साहेबांनी घेतला, सही-शिक्का दिला आणि विचारलं, हे चालतं का खरंच. आमच्या भागातली आपदा मित्र मुलगी निघाली, नर्सिंग करते, सहावा संच तिच्याकडे. भाची आणि पक्याचा मुलगा हॅमच्या परीक्षेला बसतायत.

आईच्या वहीतलं कालचं पान जसंच्या तसं:

९.०० — पक्या. ऐकू येत नाही. (वर जा म्हटलं)
९.२० — पक्या. ठीक. पाच जण.
१२.०१ — खेंड. ठीक. चार जण, एक तापाने. क्रोसिन आहे.
३.०३ — खेर्डी, मधल्यातर्फे. ठीक. पूर नाही. पिण्याचं आहे. भाजी फणसाची.
६.०० — कोणी नाही. सगळे मॅच बघतायत. उद्या बोलते त्यांच्याशी.

मीनाक्षी_महाड — सोम, रात्री १०:१०

आईंना नमस्कार सांगा. आमच्या सासूबाई विचारतायत, महाडहून त्यांच्याशी बोलायला किती उंच तार लागेल?

तारवाला_काका — सोम, रात्री १०:३१

तीन मीटर पुरे. पण आधी सासूबाईंना परीक्षेचा फॉर्म भरायला लावा.

झेंडूबाम — सोम, रात्री १०:३३

फणसाची भाजी सुकी की रस्सा? कोण, कुठे, किती जण, काय पाहिजे. ओव्हर.